सोनखताचा हिशेब



स्मृतिव्याख्यानाची सुरुवात एखाद्या थोर माणसापासून करावी असा संकेत आहे. आजची सुरुवात मुतखड्यापासून होते आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

१९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या हायपेरियन मैलापाणी केंद्रातल्या लोकांच्या लक्षात आले की गाळ वाहून नेणारा एक नळ पूर्वीसारखा वाहत नाही. आधी गाळ उताराने आपोआप जायचा, आता त्याला पंप लावून ढकलावे लागत होते. नळ तपासला तर बारा इंची नळात जेमतेम सहा इंचांची वाट उरलेली. बाकीची जागा पांढरट, टणक खड्यांनी धरली होती.

रसायनशास्त्रात या खड्याला स्ट्रुव्हाइट म्हणतात. मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट हे तिघे पुरेशा प्रमाणात एकत्र आले आणि पाणी थोडे अल्कधर्मी झाले, की तो आपसूक जमू लागतो. मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाल्यावर माणसाच्या मूत्रपिंडात जो एका जातीचा खडा होतो, तोही हाच. म्हणजे लॉस एंजेलिस शहराला मुतखडा झाला होता, आणि यात उपमा-अलंकार काही नाही.

या खड्याचा जन्मदाखला हॅम्बुर्गचा आहे. १८४२च्या मोठ्या आगीत त्या शहरातले सेंट निकोलाय चर्च जळाले. नव्या चर्चसाठी खोदकाम चालू असताना, शतकानुशतके शेणामुताने मुरलेल्या जमिनीत काही स्फटिक सापडले. गेओर्ग लुडविग उलेक्स यांनी १८४५मध्ये त्यांचे वर्णन केले आणि स्ट्रुव्ह नावाच्या एका खनिजप्रेमी रशियन राजदूताचे नाव त्यांना दिले. चर्चच्या पायाखालच्या उकिरड्याला राजदूताचे नाव मिळाले, याचे त्या राजदूताला काय वाटले असेल कोण जाणे.

याच हॅम्बुर्गात त्याआधी पावणेदोनशे वर्षे, १६६९मध्ये, हेनिग ब्रांड नावाचा एक किमयागार लघवीची पिंपेच्या पिंपे आटवत बसला होता. रंग पिवळा, तेव्हा आत सोने असणार, असा त्याचा कयास. सोने मिळाले नाही. भांड्यात उरले ते अंधारात आपोआप चमकणारे काहीतरी. तो फॉस्फरस. आपला शेतकरी त्याला स्फुरद म्हणतो, आणि नत्र, स्फुरद, पालाश या त्रिकुटात मधले नाव त्याचे असते.

आपल्याकडे या सोन्यासाठी कुणाला भट्टी पेटवावी लागली नाही. मैल्याच्या खताला मराठीत सरळ सोनखत म्हणतात. शब्द मोठा नेटका आहे आणि तेवढाच लबाडही. सोने पिकवणाऱ्याच्या वाट्याला जाई. टोपली डोक्यावरून वाहणाऱ्याच्या वाट्याला वास, रोग आणि विटाळ येई. संडासाच्या मागच्या झडपेतून मैला उपसणारी ती व्यवस्था गेली, आणि ती गेली हे बरेच झाले. तिच्या जागी पाण्याचा लोट आणि जमिनीखालचा नळ आला. टोपली गेली, पण टोपलीबरोबर सोनेही नदीत गेले. सांडपाणी शुद्ध करण्याच्या तंत्राकडे या व्याख्यानात पाहायचे आहे ते एवढ्याच नजरेने: ते सोने टोपलीशिवाय परत मिळते का?

हिशेब आधी मांडलेला बरा. माणूस वर्षाकाठी सुमारे ५०० लिटर मूत्र बाहेर टाकतो. शहराच्या मैलापाण्यात मूत्राचा वाटा घनफळाने शेकडा एकच्या आसपास. पण त्या पाण्यातले जवळपास ८० टक्के नत्र आणि निम्मे स्फुरद त्या एका टक्क्यातून येते. उरलेले शौचातून, स्वयंपाकघरातून, साबणाच्या पावडरीतून. नाल्यातल्या एका लिटर मैलापाण्यात पाच-सात मिलिग्रॅम स्फुरद असते. आकडा चिमटीत मावेल एवढा दिसतो, पण शहरे लिटरात मोजत नाहीत. ज्या शहरातून रोज १०० कोटी लिटर मैलापाणी निघते, तिथून पाच मिलिग्रॅमच्या हिशेबाने रोज पाच टन स्फुरद वाहून जाते. डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्यात शुद्ध स्फुरद दहा किलो असते. म्हणजे शहर रोज ५०० पोती डीएपी नाल्यात रिकामी करते. १,३५० रुपयांच्या अनुदानित भावाने ती पावणेसात लाख रुपयांची होतात. रविवार नाही, सणाची सुटी नाही.

आणि हे कोणत्या देशात? ज्याच्याकडे स्फुरदाचा खडक नावालाच आहे. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा, मध्य प्रदेशात झाबुआ. गरजेच्या मानाने ही पुंजी तुटपुंजी. बाकी खडक, फॉस्फोरिक आम्ल किंवा तयार डीएपी जहाजाने येते. जगातल्या ज्ञात साठ्यापैकी सुमारे ७० टक्के साठा एकट्या मोरोक्कोकडे आहे. दूर कुठे युद्ध पेटले की त्याची झळ खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रापुढच्या रांगेला लागते, ती यामुळे. त्याच तालुक्याच्या गावाचा नाला त्या रांगेच्या मागून वाहत असतो.

आता शुद्धीकरण केंद्रात शिरू. मैलापाण्यात ९९.९ टक्के पाणीच असते. सगळी खटपट उरलेल्या एक दशांश टक्क्यासाठी. आधी जाळ्या चिंध्या, प्लास्टिक, फुले अडवतात. मग एका हौदात वाळू बसते, दुसऱ्यात जड मैला. यानंतरचा वायुवीजनाचा हौद हे केंद्राचे काळीज. तिथे ब्लोअर रात्रंदिवस हवा फुंकत असतात, जीवाणू त्या हवेवर मैला खातात आणि त्यांचाच तपकिरी गाळ होतो. केंद्राच्या वीजबिलातला निम्मा किंवा त्याहून मोठा भाग या फुंकण्यात जातो.

ही युक्ती मँचेस्टरजवळच्या डेव्हीह्यूम केंद्रातली. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत मैलापाणी घेतले, शेवाळ वाढू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळला आणि आत हवा सोडत राहिले. पहिल्या खेपेला पाणी पुरते निवळायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. तळाशी बसलेला गाळ फेकला नाही. वरचे स्वच्छ पाणी ओतून दिले आणि त्याच गाळावर नवे मैलापाणी घातले. दर खेपेला वेळ कमी होत गेला आणि अखेर पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. मराठी घरातल्या कोणत्याही बाईला यात नवल वाटणार नाही. त्यांनी विरजण राखून ठेवले होते. १९१४मध्ये या कामाचा शोधनिबंध वाचला गेला, आणि आज जगातली बहुतेक मोठी केंद्रे याच विरजणावर चालतात.

त्या दोघांना ही दिशा दाखवली होती गिल्बर्ट फाउलर यांनी. १९१२मध्ये ते अमेरिकेतल्या लॉरेन्स येथील प्रयोगशाळा पाहून आले होते. या फाउलरांचा पुढचा मुक्काम आपल्याला जवळचा आहे: १९१६मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. भारतात आल्यावर त्यांच्या मनात घर केले ते नत्राच्या नासाडीने. १९३४च्या त्यांच्या पुस्तकाचा विषयच नत्र राखण्याचे जीवरसायन हा आहे. मैला नाहीसा करण्याची किल्ली ज्याने जगाला दिली, त्याचे उरलेले आयुष्य मैल्यातले काय वाचवता येईल या विचारात गेले, हे अभियांत्रिकीच्या वर्गात सहसा सांगितले जात नाही.

सांगायला हवे, कारण फाउलरांची हळहळ अगदी खरी ठरली. १९१३मध्ये जर्मनीत ओप्पाऊ येथे हाबर-बॉश पद्धतीचा पहिला कारखाना सुरू झाला. हवेतले नत्र प्रचंड दाबाखाली ओढून त्याचे अमोनिया, आणि अमोनियाचे खत. एका वर्षाने मँचेस्टरची पद्धत आली. पुढे तिच्यात सुधारणा होऊन प्रगत केंद्रे मैलापाण्यातल्या अमोनियाचे नायट्रेट आणि नायट्रेटचा नत्रवायू करू लागली. हा वायू बुडबुड्यांनी हवेत जातो. म्हणजे एक कारखाना इंधन जाळून नत्र हवेतून खाली आणतो, दुसरा वीज जाळून ते परत वर सोडतो, मधल्या मधे ते भाकरीतून आपल्या पोटातून जाऊन येते, आणि दोन्ही टोकांची बिले आपणच भरतो. कुबेरालाही हा संसार परवडायचा नाही.

नेदरलँड्समध्ये १९९०च्या दशकात अ‍ॅनॅमॉक्स जीवाणूंचा शोध लागला. ते हवेवाचून अमोनियाचा निकाल लावतात. रॉटरडॅमच्या डोकहेवन केंद्रात २००२मध्ये त्यांना मोठ्या प्रमाणावर कामाला लावले गेले. वीज वाचली, पण नत्र शेवटी हवेतच गेले. नत्राच्या बाबतीत एवढ्यावर समाधान मानायला हरकत नाही. हवेत त्याला तोटा नाही. स्फुरदाची गोष्ट निराळी. त्याचा वायू होऊन ते उडून जात नाही. पाण्यातून काढले तर गाळात, गाळातून सुटले तर नदीत, नदीतून समुद्राच्या तळाशी. तिथून ते वर यायला डोंगर उभे राहण्याची वाट पाहावी लागते.

ही वाट मध्येच अडवण्याचे तंत्र जिथे उमटले ती जागा पुन्हा बंगळूरच. एस. सी. पिल्लै आणि व्ही. सुब्रह्मण्यन यांनी सक्रिय गाळातल्या सूक्ष्म प्राण्यांवर केलेले काम १९४२मध्येच ‘नेचर’मध्ये आले होते. १९५९मध्ये श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लै या तिघांनी नोंदवले की गाळात जोमाने हवा खेळवली की तो पाण्यातले स्फुरद भराभर उचलतो, त्याच्या गरजेहून किती तरी जास्त. का उचलतो ते तेव्हा कळले नव्हते. १९७०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी त्यातून चालण्याजोगी पद्धत बसवली. २०११मध्ये सिंगापूरचे ली कुआन यू जलपारितोषिक त्यांना मिळाले. बंगळूरच्या तिघांची नावे पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतात, काही पुस्तकांत तीही नाही.

यामागची क्लृप्ती मात्र मराठी म्हणीत चपखल बसते: एकादशी अन् दुप्पट खाशी. काही जीवाणूंना आधी हवेविना उपाशी ठेवतात. तग धरण्यासाठी ते अंगातले साठवलेले स्फुरद खर्चून आम्लांचे खाद्य आत घेतात. पुढच्या हौदात हवा मिळाली की उपास सुटतो आणि ते गमावल्याहून जास्त स्फुरद गिळून बसतात. नेमके त्याच वेळी त्यांना गाळासकट बाजूला काढायचे. रसायन टाकावे लागत नाही; फक्त टाक्यांचा क्रम आणि वेळ सांभाळायची.

हा तुडुंब भरलेला गाळ पुढे बंद टाकीत, हवेविना, कुजवला की गॅस मिळतो आणि स्फुरद-अमोनिया पुन्हा द्रवात सुटतात. नळात मुतखडा होतो तो या ठिकाणी. हायपेरियनच्या लोकांनी त्याला शत्रू मानले, आणि त्यांच्या जागी कुणीही तेच केले असते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी उलटा विचार केला: खडा होणारच असेल तर नळात कशाला, आपल्या भांड्यात होऊ द्यावा. उंच शंकूसारख्या भांड्यात हा द्रव खालून वर खेळवतात, मॅग्नेशियमचे मीठ टाकतात, आम्लता सांभाळतात. बारीक कणांवर थरावर थर चढून साबुदाण्याएवढे शुभ्र दाणे तयार होतात. एकादशीच्या उपासाचा शेवट साबुदाण्यात व्हावा, हे मराठी कानाला सुखावणारे आहे. हा दाणा पाण्यात चटकन विरघळत नाही. मुळांच्या आसपासच्या आम्लाने हळूहळू विरघळतो, त्यामुळे पहिल्या पावसात वाहून जात नाही.

कॅनडात एडमंटन शहराच्या केंद्रात २००७मध्ये हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर उतरला. केंद्राचे नाव गोल्ड बार. हे नाव कुणी मुद्दाम ठेवलेले नाही, तो भागच त्या नावाचा आहे. ब्रांडचा आत्मा कुठे असेल तर हसला असेल. पाठोपाठ २००९मध्ये अमेरिकेत ऑरेगनमधल्या डरहॅम केंद्राने ही भांडी बसवली. टुआलाटिन ही लहान नदी स्फुरदाने शेवाळत होती आणि तिथली मर्यादा कडक होती. २०१६मध्ये शिकागोचे स्टिकनी हे अवाढव्य केंद्रही त्यात आले.

इथे टाळ्या वाजवण्याआधी थांबावे. या भांड्यात शहराच्या एकूण स्फुरदाचा थोडाच भाग सापडतो, निम्म्याहून कमीच. बाकीचे घट्ट गाळात राहते. शिवाय दाण्याच्या विक्रीवर कोणतेही केंद्र श्रीमंत झालेले नाही. खरी बचत न तुंबलेल्या नळांत, न लागलेल्या रसायनांत आणि कमी झालेल्या गाळात आहे. खताला भाव येईल म्हणून नव्हे, तर केंद्र नीट चालावे म्हणून हे करायचे. आपल्याकडच्या चर्चेत ‘कचऱ्यातून सोने’ अशी घोषणा आधी होते, आणि पहिल्या वर्षी नफा दिसला नाही की यंत्र गंजत पडते. यात तंत्रज्ञानाची चूक नसते.

उरलेल्या गाळाचे काय, याला पुन्हा हॅम्बुर्गनेच एक उत्तर दिले. तिथे गाळ जाळतात आणि २०२१मध्ये त्याच्या राखेतून फॉस्फोरिक आम्ल काढणारा कारखाना उभा राहिला. वर्षाला सुमारे २० हजार टन राख पचवण्यासाठी तो बांधला आहे. यामागे हौस नाही, कायदा आहे. जर्मनीने २०१७च्या नियमाने एक लाखाहून मोठ्या लोकसंख्येच्या भाराच्या केंद्रांना २०२९पासून आणि ५० हजारांहून मोठ्यांना २०३२पासून स्फुरद परत मिळवणे सक्तीचे केले. बारा-पंधरा वर्षे आधी सांगून ठेवलेली ही सक्ती आहे; उद्या सकाळी छापा घालायची नव्हे. ब्रांडच्या शहरात साडेतीनशे वर्षांनी स्फुरद काढायची भट्टी पुन्हा पेटली, फक्त या वेळी सोन्याची अपेक्षा कुणी ठेवली नाही.

जाळायचे कशाला, गाळ सरळ शेतात का घालू नये? अमेरिकेत मिलवॉकी शहर १९२६पासून आपला वाळवलेला गाळ ‘मिलऑर्गनाइट’ नावाने पोत्यात भरून विकते; गोल्फच्या हिरवळींवर तो शंभर वर्षे पडतो आहे. पण त्याच देशातल्या मेन राज्याने २०२२मध्ये गाळ शेतात घालण्यावर बंदी आणली. न चिकटणाऱ्या तव्यांपासून जलरोधक कपड्यांपर्यंत वापरली जाणारी, कधीच न कुजणारी रसायने त्या गाळातून जमिनीत, विहिरीत आणि दुधात पोचली होती. आपल्या शहरांत घरगुती नाल्याला गल्लीबोळातले मुलामा चढवण्याचे, रंगाचे, बॅटरीचे छोटे कारखानेही चोरून जोडलेले असतात. क्रोमियम-कॅडमियमला कोणताही जीवाणू खात नाही. सोनखत हवे असेल तर आधी नाल्यावर पहारा हवा. हे काम प्रयोगशाळेतले नाही, नगरपालिकेच्या निरीक्षकाचे आहे, आणि म्हणूनच ते सगळ्यांत अवघड आहे.

आता घरच्या अंगणात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१च्या मोजणीत देशातल्या शहरांचे मैलापाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर भरले आणि त्यातले प्रत्यक्ष शुद्ध होत होते २०,२३६. म्हणजे शेकडा २८. बाकीचे जसेच्या तसे नदीला. जे शुद्ध होते त्याला मापे कोणती? केंद्र सरकारच्या २०१७च्या अधिसूचनेत जैविक प्राणवायूची मागणी आहे, तरंगता गाळ आहे, जंतू आहेत. नत्र आणि स्फुरद नाहीत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९मध्ये नत्र लिटरमागे १० मिलिग्रॅम आणि स्फुरद एक मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली. पण मर्यादा असूनही मोजमापच नसेल तर केंद्र ‘उत्तम’ चालू असताना नदी हिरवी होऊ शकते.

पुणे जिल्ह्याच्या टोकाला उजनीच्या जलाशयावर हे उघड्या डोळ्यांनी दिसते. भीमेवरच्या या धरणात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांच्या वाटेने येऊन थांबते. नत्र-स्फुरदाची मेजवानी, वर सोलापुरी ऊन. शेवाळाचा हिरवा थर आणि जलपर्णीचे ताटवे यात नवल नाही. जलपर्णी काढायला निविदा निघतात, बोटी येतात, काढलेला ढीग काठावर कुजतो आणि पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात जातो. हेच पाणी पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते आणि कालव्याने उसाला जाते. म्हणजे पुण्याचे सोनखत सोलापूरच्या उसाला पोचते म्हणायचे, पण वाटेत पिण्याचे पाणी नासवून, न मोजता, न सांगता. जपानी कर्जातून पुण्यात ३९६ दशलक्ष लिटरांची अकरा केंद्रे उभारायचे ठरले. ती पूर्ण क्षमतेने चालली तर नदीचा वास नक्की कमी होईल. हिरवा रंग कमी होईल का, ते त्यांच्या टाक्यांत जीवाणूंची एकादशी किती नेमाने पाळली जाते यावर अवलंबून राहील.

नागपूरने एक पाऊल वेगळे टाकले. भांडेवाडीचे शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाऊ लागले. तेवढे धरणाचे पाणी माणसांसाठी मोकळे झाले. देशातल्या इतर शहरांना हा दाखला दिला जातो आणि तो द्यायलाच हवा. मात्र विकले गेले ते पाणी; स्फुरदाला तिथे गिऱ्हाईक नाही, शीतकरणाच्या मनोऱ्यांना तर ते नकोच असते. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, १९५८पासून त्याच नागपुरात आहे. पाणवनस्पतींच्या मुळांतून सांडपाणी झिरपवणारी तिची फायटोरिड पद्धत लहान वसाहतींना परवडते, ब्लोअर लागत नाही. अशी झाडे वेळच्या वेळी कापली तरच स्फुरद बाहेर पडते. वाळून तिथेच पडली तर हिशेब शून्यावर येतो. माळ्याचा पगार वाचवला की सगळा डाव फसतो.

यंत्रावाचून हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर कुठे होत असेल तर कोलकात्याच्या पूर्वेला. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या पाणथळीत शहराचे मैलापाणी उथळ तळ्यांत पसरते, ऊन आणि शेवाळ त्याला शुद्ध करतात, शेवाळ मासे खातात, मासे शहर खाते. ही तळी बांधणाऱ्या कोळ्यांनी कोणतीही पदवी घेतली नव्हती. ध्रुवज्योती घोष हे सरकारी अभियंते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शहराचे मैलापाणी जाते कुठे हे शोधत तिथे पोचले आणि जन्मभर त्या तळ्यांचे वकील झाले. २००२मध्ये ती पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. जमिनीचे भाव मात्र कोणतीच यादी वाचत नाहीत.

मुंबईलाही असा एक विसरलेला धडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात कार्किट जेम्स या अभियंत्याने मैल्याच्या बंद टाकीतला वायू दिव्यांसाठी वापरून दाखवला. शहराने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांच्या मैल्यावर उजेड पडला. शहर समुद्राकडे तोंड करून बसले. आता तेच शहर रोज २,४६४ दशलक्ष लिटरांची सात नवी केंद्रे बांधते आहे. मघाचाच हिशेब लावला तर त्यांच्या दारातून रोज बारा टनांहून जास्त स्फुरद जाईल.

टोपलीचा प्रश्न राहिला. त्याला भिडणारा माणूस कोकणातला होता. अप्पासाहेब पटवर्धन १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते आणि भंगीकाम आपल्याला करू द्या अशी त्यांची मागणी होती. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचे असा शिरस्ता. अप्पांनी अन्न सोडले. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास केला. पुढे १९४८मध्ये कणकवलीजवळ अप्पांचा गोपुरी आश्रम उभा राहिला. मैला हाताने उपसावा लागू नये आणि त्याचे खत मात्र व्हावे असे संडास तिथे घडले. सोनखताच्या गोडव्यांवर अप्पा थांबले नाहीत. ते वाहणारा हात मोकळा झाला पाहिजे, ही अट त्यांनी आधी घातली आणि रचना मागून केली. बहुतेक अभियंते उलट क्रमाने जातात.

त्यांची वाट पुढे देहूत निघाली. १९६०च्या सुमारास तिथल्या आरोग्य केंद्रात आलेले डॉ. मापुसकर यांना लवकरच कळले की आपण तेच पोटाचे विकार पुन्हा पुन्हा बरे करतो आहोत. औषधाच्या कपाटापेक्षा संडासाकडे त्यांचे लक्ष वळले, ते कायमचे. शौचालयाला जोडलेला ‘मलप्रभा’ गॅस संच त्यांनी घडवला: मैला नजरेस न पडता टाकीत जातो, चुलीला गॅस मिळतो, शेताला निवळलेला खताचा रबडा. देहूतल्या त्यांच्या संस्थेला नाव अप्पा पटवर्धनांचे. २०१७मध्ये मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गाथा जिच्या पाण्यात तरल्याची कथा सांगतात त्या इंद्रायणीवर आज आळंदीला पांढरा फेस तरंगतो, त्याचे फोटो दर वारीत छापून येतात. मलप्रभेचा फोटो सहसा कुणी छापत नाही.

हाताने मैला उचलण्यावर १९९३मध्ये आणि पुन्हा २०१३मध्ये कायदा झाला. तरी गटारात उतरून गुदमरलेल्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. म्हणून स्फुरद परत मिळवण्याच्या कोणत्याही योजनेला पहिला प्रश्न हाच विचारायचा: यातला घाण हाताळण्याचा टप्पा कुणाच्या हातून जाणार आहे? स्वित्झर्लंडमध्ये इआवाग संस्थेच्या लोकांनी मूत्र उगमापाशीच वेगळे धरून, स्थिर करून, आटवून ‘ऑरिन’ नावाचे द्रवखत काढले. २०१८मध्ये खाण्याच्या पिकांसाठी त्याला परवाना मिळाला. नावात पुन्हा लॅटिनमधले सोने आहेच. बाटली स्वच्छ असते, झाकण घट्ट असते आणि लेबलवर घटकांचे प्रमाण असते. वर्गणी काढून बांधलेल्या आपल्या शाळांच्या मुताऱ्यांत, एसटीच्या स्थानकांत, वारीच्या तळांवर हे करता येण्याजोगे आहे. तिथे मूत्र आधीच वेगळे पडते, फक्त ते पुढे नाल्याला जाते.

कृषी सेवा केंद्रातल्या डीएपीच्या पोत्यावर १८:४६:० असे ठळक छापलेले असते. निरक्षर शेतकरीही तो आकडा ओळखतो, पोते उसवलेले असेल तर परत करतो. मैलापाणी केंद्राच्या फाटकाशी उभ्या असलेल्या ट्रॉलीवर असा कोणताच आकडा नसतो. वाळत टाकलेला गाळ फावड्याने भरला जातो, त्यात स्फुरद किती, कॅडमियम किती, जंतांची अंडी किती याची चिठ्ठी सोबत नसते. भरणाऱ्याच्या हातात मोजे असतीलच असे नाही. शेतकरी विचारत नाही, कारण फुकट मिळते आहे. केंद्र सांगत नाही, कारण जागा मोकळी होते आहे. पहारेकरी वहीत गाडीचा नंबर लिहितो, वजनाचा रकाना कोरा ठेवतो आणि फाटक उघडतो.